सज्ज्याचा सूर

५ जानेवारी

गावच्या शाळेतले गुरुजी म्हणायचे, रोज चार ओळी लिहा. माणूस स्वतःशी खोटं बोलत असला तर चौथ्या ओळीत सापडतो. पन्नाशी दाराशी आली तरी रोज लिहिणं मला जमलेलं नाही. यंदा नेमाने लिहीन म्हणतो. कारणही तसंच आहे. जुन्या सभागृहाच्या मालकांनी आज शब्द दिला, की वसंताच्या सोहळ्यापर्यंत तिथे जितकी लग्नं होतील तितक्यांत वादन आमचंच.

आम्ही चौघे. पहिलं व्हायोलिन मास्तरांचं. त्यांनीच आम्हाला गोळा केलं, म्हणून शब्द शेवटचा त्यांचा. दुसरं व्हायोलिन माझ्या लेकीचं. व्हियोला पोस्टमनचा, नोकरी सुटून सहा वर्षं झाली तरी तो पोस्टमनच. आणि चेलो माझा.

बसायला मुख्य दारावरचा लाकडी सज्जा दिला आहे. छतातून दोन लोखंडी सळया खाली आल्या आहेत, त्यांनी तो तोलून धरलेला. वर जायला अरुंद जिना, जिन्याला दार, दाराला मुठीएवढं जुनं कुलूप. चेलो रोज घरी नेणं होत नाही, तो वरच राहणार, म्हणून किल्ली माझ्याकडे. मालक म्हणाले, "किल्ली एकच आहे हो. हरवलीत तर जिन्याला शिडी लावावी लागेल."

मास्तरांनी जुना नियम पुन्हा बजावला. नवरी दारातून निघाली की आपल्या जागी बसेपर्यंत वादन थांबायचं नाही. तार तुटली तर उरलेल्या तीन तारांवर वाजवायचं. हंगाम नीट जावा एवढंच देवाकडे मागितलं.

११ जानेवारी

पहिलं लग्न पार पडलं. एक मौज झाली. जाड तारेवर मी ग धरला की सज्ज्याचं लाकूडही माझ्याबरोबर गुणगुणतं. खुर्चीतून, चेलोच्या खालच्या दांड्यातून थेट तळपायांना मुंग्या येतात. जुन्या लाकडाला एखादा सूर मानवतो, तसं असेल. मला पाचवा साथीदार मिळाल्यासारखं वाटलं.

सज्ज्याच्या बरोबर खाली, दारालगत, फुलवाल्या मावशींचं टेबल असतं. साठीच्या असतील. पाहुण्यांना गुच्छ बांधून देतात. निघताना मला हाक मारली. "दादा, तो मोठा भोपळा तुमचाच ना? सगळ्या सभागृहात तो इथे खाली सगळ्यात चांगला ऐकू येतो. मालक म्हणतात टेबल तिकडे खिडकीशी घ्या. मी म्हटलं, हलणार नाही."

मी चेलो म्हणतात असं सांगितलं. "असेल," म्हणाल्या, "पण दिसतो भोपळाच."

२ फेब्रुवारी

लेकीला आज उगाच बोललो.

गजाच्या केसांना राळ घासल्याशिवाय तार बोलत नाही आणि राळेची पांढरी भुकटी वाद्यावर पडतेच. पण आज चेलोवर, खुर्च्यांवर, पोस्टमनच्या टोपीवरसुद्धा पांढरा थर होता. मी म्हणालो, "अगं, राळ घासतेस की भिंती रंगवतेस?"

"बाबा, मी दोनदाच घासते."

"मग ही भुकटी काय आभाळातून पडली?"

पोस्टमन टोपी झटकत म्हणाला, "जाऊ द्या हो. माझे केस पिकलेत ते तरी लपतील."

खाली मावशींचीही तक्रार होतीच. "काय हो दादा, वर पीठ चाळता का? माझी फुलं म्हातारी दिसायला लागली." मी माफी मागितली. घरून एक जुनी चादर नेऊन सज्ज्यात अंथरणार आहे. फळ्यांच्या फटींतून खाली काही जायला नको.

१४ फेब्रुवारी

चादर अंथरल्यापासून मावशी खूश आहेत. मला आज एक पांढरं फूल दिलं, ते घरी बायकोने देवापुढे ठेवलं.

सज्ज्याचा सूर उतरला आहे. 'ग'वर गुणगुणायचा, आता 'रे'वर गुणगुणतो. मी चेलो तपासला, बरोबर लागलेला होता. हवा कोरडी पडली आहे, लाकूड सुकलं असेल. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "लाकूड आहे, त्याचंही वय होतं."

२३ फेब्रुवारी

आज सज्जा 'सा'वर आला. आता मात्र पंचाईत झाली. सा टाळून वाजवायचं कसं? प्रत्येक ओळ शेवटी घरी येते ती तिथेच. आज एकदा मी सा लांबवला तेव्हा कठड्यावरचा पाण्याचा पेला सरकत सरकत काठाशी आला. लेकीने झटकन पकडला. ती कठड्याला लागून बसते.

वादनानंतर चौघांची बैठक झाली. मी म्हणालो, मालकांना सांगावं का? मास्तर चिडले. "काय सांगणार? तुमचा सज्जा बेसूर आहे? हंगाम अर्धा व्हायचाय. आपण सगळे अर्धा सूर उतरवून लावू. सज्जा राहील त्याच्या जागी, आपण आपल्या."

पोस्टमन म्हणाला, "बरोबर आहे. माणसाने घर बदललं तर पत्र नव्या पत्त्यावर टाकायचं. जुन्या दारात उभं राहून भांडायचं कशाला?"

सगळे हसले. मीही. पुढच्या लग्नाआधी सगळ्या चिजा नव्या पट्टीत बसवायच्या आहेत. लेक म्हणते, उतरवल्यावर चेलो जास्त गोड लागतो.

५ मार्च

पोस्टमनची राळेची वडी मांडीवरून पडली ती फळ्यांवरून गडगडत कठड्याकडे निघाली. कुणी ढकलली नाही, काही नाही. कठड्याखालच्या फटीतून गेली ती थेट मावशींच्या बादलीत. खालून आवाज आला, "अहो, साखर टाकलीत, आता दूधही टाका!" वादन चालू होतं, म्हणून आम्ही चौघेही ओठ दाबून हसत होतो. मास्तरांच्या व्हायोलिनवरचा सूरसुद्धा हसल्यासारखा थरथरला.

आठ दिवसांपूर्वी तीच वडी माझ्या हातून पडली होती, तेव्हा होती तिथेच राहिली होती, असं आता आठवतं. का लिहून ठेवतो आहे कोण जाणे.

१० मार्च

सज्जा गप्प आहे. 'सा'वर नाही, त्याखालीही नाही. जाड तारेवर मी सगळे सूर एकेक करून वाजवून पाहिले, तळव्यांना काहीच लागलं नाही. अंगावरचं ओझं उतरावं तसं झालं. देवाचे आभार मानले. हिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, महिनाभर लाकडाची एवढी काळजी केलीत, माझ्या गुडघ्याची केली असतीत तर तोही गप्प झाला असता."

१७ मार्च

काल काय झालं ते आज लिहितो. काल हात चालत नव्हता.

आठवडाभर लग्न नव्हतं. काल दुपारी कुलूप उघडून वर गेलो तर चादर पांढरी झालेली. सहा दिवस वर कुणीच वाजवलं नव्हतं. हे डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मी चादर झटकली, घडी करून पुन्हा अंथरली. इथे थांबून विचार करायला हवा होता. पाहुणे यायला लागले होते.

नवरी दारातून निघाली. आम्ही सुरू केलं. तिसऱ्या ओळीला माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर चिमूटभर भुकटी पडली. हाताला घाम होता. एका लांब विरामात मी ती बोटाने चोळली. राळ घामाने, उबेने चिकटते. चाळीस वर्षं ती माझ्या बोटांना चिकटत आली आहे. ही चिकटली नाही. बारीक रेतीसारखी करकरली.

मी वर पाहिलं. उजवीकडची सळई छतात जिथे शिरते, तिथे तिच्याभोवती काळी गोल फट होती. करंगळी जाईल एवढी. मी पाहत असतानाच तिच्यातून अजून थोडं पांढरं गळलं.

मी गज खाली ठेवला. लेकीचा दंड धरला आणि म्हणालो, "खाली चल."

"बाबा, काय करताय? नवरी..."

"खाली चल म्हणतो ना! मास्तर, पोस्टमन, उठा. हळू चाला, एका वेळी एक."

वादन थांबलं. नवरी सभागृहाच्या मधोमध थांबली, एक पाय पुढे टाकलेला. तीनशे माणसांनी माना वर केल्या. तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणीतरी खोकलं, मग एक मूल हसलं. आम्ही जिना उतरून खाली आलो तेव्हा नवरीची आई माझ्याकडे पाहत होती. ती नजर मला जन्मभर पुरेल.

सज्जा पडला नाही.

१८ मार्च

मालकांनी सुताराला बोलावलं होतं. सुतार वर गेला, फळ्यांवर टाच आपटली, दोनदा उड्या मारल्या. "हत्ती आणून बांधा," म्हणाला. मी म्हणालो, फळ्या नाहीत हो, वर सळई बघा. त्याने मान वर न करताच सांगितलं, "छत म्हणजे गवंड्याचं काम."

मी मालकांना म्हणालो, मग गवंड्याला बोलवा. मालक म्हणाले, "बोलवीन, सोहळा झाल्यावर. छत उकरून ठेवलं तर पाहुणे बसवू कुठे? आणि तुम्हाला एक सांगू? नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. सूर चुकला असेल, झाकायला सज्जा सापडला."

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी माझी बाजू घेतली नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "तीस वर्षांत माझं वादन मध्ये थांबलं नाही. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा नाही. बोटाला भुकटी चिकटली नाही म्हणून तू लग्न थांबवलंस." आजवर ते मला अहोजाहो करायचे. आज पहिल्यांदा अरेतुरे केलं आणि ते रागाचं होतं.

काम गेलं. चेलो घरी आणला.

२२ मार्च

लेक बोलत नाही. आठजणांचा दुसरा ताफा आता तिथे वाजवणार आहे. मास्तरांनी शिफारस केल्यामुळे त्यांनी तिला घेतलं. तिने मला सांगितलं नाही, हिच्याकडून कळलं.

प्रार्थनेला बसलो की मनात एकच येतं. मी थांबवलं ते भीतीने की अहंकाराने? सगळ्यांना न कळलेलं मला कळलं, असं मिरवायचं होतं का? आणि त्याहून वाईट एक विचार रोज येतो: तो सज्जा पडावा असं मला वाटतं आहे का? तसं वाटत असेल तर देवा, तेवढं काढून घे. मी चुकलो होतो असंच ठरू दे.

२९ मार्च

बरी बातमी आहे. नवा ताफा सज्ज्यात मावत नाही म्हणून समोर मंचावर बसतो. लेकीनेच सांगितलं, दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता. म्हणजे वर आता कुणी नाही. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

जिन्याची किल्ली चेलोच्या खोळीतल्या राळेच्या कप्प्यात सापडली. परत द्यायला हवी. मालकांनी मागितली नाही, विसरलेच असतील. मालकांचं तोंड बघायची हिंमत होत नाही. देईन.

४ एप्रिल, दुपार

आज वसंताचा सोहळा. चार ते सात.

सकाळी हिला खुर्च्या भाड्याने देणारा भेटला. त्याने सांगितलं, रात्रीच वीस छोट्या खुर्च्या सज्ज्यात पोचवल्या. मुलांना खालून काही दिसत नाही, म्हणून यंदा मालकांनी त्यांची सोय वर केली आहे.

मी तसाच सभागृहात गेलो. मालकांना हात जोडले. म्हणालो, मला वाटेल ते म्हणा, पण मुलांना वर बसवू नका. ते शिडीवरच्या माणसाला झालर बांधायच्या सूचना देत होते. म्हणाले, "पुन्हा आलात? तुमची मुलगी इथे वाजवते आहे म्हणून गप्प आहे मी. तिचंही काम घालवायचंय का?"

मी बाहेर पडायला निघालो. जिन्याचं दार सताड उघडं होतं आणि कुलूप कडीला तसंच लटकत होतं, सोळा तारखेला मी सोडलं होतं तसं. वर चढलो नाही, फक्त मान आत घालून पाहिलं. रंगीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या, आणि दोन्ही कोपऱ्यांत ताफ्याचे कपाटाएवढे ध्वनिवर्धक. माणूस एकही नव्हता.

दार लोटलं, कडी घातली, कुलूप दाबलं. त्याचा आवाज सगळ्या सभागृहाने ऐकला असं मला वाटलं, पण शिडीवरच्या माणसाने वळूनही पाहिलं नाही.

मागे फुलवाल्या मावशी उभ्या. बादल्या टेबलाखाली सरकवत होत्या. "दादा! किती दिवसांनी! भोपळा कुठाय?"

"घरी आहे."

"त्या नव्यांचं काही खरं नाही हो. ढॅण ढॅण नुसतं. आणि इथे कुठे हात घालत होतात?"

"माझं... माझं एक कापड वर राहिलं होतं, ते बघायला आलो."

"ती चादर होय? तुम्ही गेलात आणि पुन्हा पीठ सुरू झालं बघा," म्हणून त्यांनी टेबल हाताने पुसलं आणि पांढरं झालेलं बोट मला दाखवलं. मग एक फूल दिलं. मी ते घेतलं आणि आलो.

किल्ली माझ्यासमोर आहे. आयुष्यात कुणाची वस्तू घेतली नव्हती. आज मालकांची किल्ली चोरली, आणि मावशींशी तोंडावर खोटं बोललो. ते खोटं जास्त टोचतं आहे. पण वीस मुलं खाली राहतील. देव माझ्या पदरात काय टाकायचं ते टाको.

४ एप्रिल, संध्याकाळ

लेक साडेसातला आली. जिन्याचं कुलूप लागलेलं सापडलं, किल्लीचा पत्ता नाही, मुलं रडली, मालकांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. शेवटी मुलांना मंचापुढे जमिनीवर बसवलं. मग मुलं खूश झाली.

"किल्ली तुमच्याकडे होती ना बाबा?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. ती माझ्याशेजारी येऊन बसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आज मन शांत आहे.

५ एप्रिल

सज्जा पडला. काल साडेसातच्या सुमाराला, पाहुणे गेल्यावर. लेक सभागृहातून निघून घरी पोचत होती तेव्हाच. ताफा वाद्यं गुंडाळत होता. एका सळईने जागा सोडली, मग दुसरीने. सकाळी पोस्टमन धावत सांगत आला. किल्ली माझ्याकडे असते हे त्याला ठाऊकच होतं; दम लागलेला असतानाही मला मिठी मारून म्हणाला, "वीस मुलं! तुमच्यामुळे वीस मुलं!" ढिगाऱ्यात वीसही खुर्च्या सापडल्या. मोजल्या त्यांनी.

मी देवापुढे बसणार होतो. पोस्टमन दारातून वळून म्हणाला, "ती फुलवाली तेवढी खाली बादल्या आवरत होती."

९ एप्रिल

चार दिवस जाऊ शकलो नाही. आज गेलो.

लांब खोली, खिडकीजवळची खाट. दोन्ही पायांवर लाकडी चौकट ठेवून वर चादर टाकलेली. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. बोटांचं अजून काही सांगता येत नाही, असं परिचारिका म्हणाली. त्याच हाताने त्या गुच्छ बांधायच्या. मला पाहून मावशी हसल्या. "या दादा. फूल द्यायला हात नाही आज."

मी स्टुलावर बसलो. किल्ली खिशात होती. परत द्यायची म्हणून रोज घेऊन निघतो.

त्याच बोलत होत्या. "मुलं वाचली ना सगळी? मालक आले होते. सांगत होते, जिन्याला कुणीतरी कुलूप घातलं म्हणून वाचली. कुणी घातलं त्याचा पत्ता नाही. मी म्हटलं, देवमाणूस असेल कुणी. देवच अशा कुणाच्या तरी हाताने कडी घालतो."

मी मान खाली घातली होती. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती.

मग मावशी हळूच म्हणाल्या, "पण दादा, म्हणजे त्या माणसाला ठाऊक होतं."

मी "हो" म्हणालो. एवढंच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी बादल्या सरकवताना मी त्यांच्यासमोर कुठे उभा होतो, माझा हात कशावर होता, हे त्या डोळ्यांत हळूहळू जुळत गेलेलं मला दिसलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बसता आलं असतं.

तोंड खिडकीकडे वळवून म्हणाल्या, "मी तिथेच खाली होते ना हो."